वाचकांचे प्रश्न : कष्ट किती, नशीब किती?

यशस्वी बडोदेकरांवरची आमची मालिका गेल्या अंकात संपली. तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत “मी शून्यातून उभा राहिलो” हे वाक्य होतं आणि सर्वांत जास्त पत्रं आली ती त्याच वाक्यावर. त्यांतली पाच पत्रं थोडक्यात पुढे दिली आहेत. उत्तरं संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने आणि शिष्यवृत्त्यांचं काम पाहणाऱ्या एका कार्यकर्त्याने मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : १९७३ साली पॉलिटेक्निकची पदविका घेतली. सहा महिन्यांत इथल्याच एका मोठ्या कारखान्यात नोकरी लागली आणि तिथूनच निवृत्त झालो. वडील शाळेत शिपाई, घरात मी आणि दोन बहिणी. ना वशिला, ना ओळख. आता नातू म्हणतो, “आजोबा, तुम्ही लकी होतात.” माझ्या यशात नशिबाचे नेमके टक्के किती, ते सांगाल का? – एक निवृत्त अभियंता, निझामपुरा

तुमचे कष्ट खरे आहेत आणि नातवाचं म्हणणंही खोटं नाही. टक्के मात्र काढता येत नाहीत, कारण इथे बेरीज नसते, गुणाकार असतो. शेत शंभर फूट लांब आणि साठ फूट रुंद असेल, तर त्याच्या क्षेत्रफळात लांबीचा वाटा किती टक्के? या प्रश्नाला उत्तरच नाही. दोहोंतलं एक शून्य झालं की सगळंच शून्य. कष्ट आणि संधी यांचं तसंच आहे. विचारता येतो तो दुसरा प्रश्न: कष्ट तेवढेच ठेवून परिस्थिती बदलली असती, तर पदरात काय पडलं असतं?

तुमच्या बाबतीत पहिली गोष्ट जन्मसालाची. कोयलीची गुजरात रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली. खतं बनवणारी जीएसएफसी ही कंपनी १९६२ची, पेट्रोकेमिकल्स बनवणारी आयपीसीएल १९६९ची. म्हणजे तुम्ही पदविका हातात घेऊन बाहेर पडलात, तेव्हा शहराच्या वेशीवर मोठमोठे कारखाने उभे राहत होते आणि त्यांना तुमच्यासारखी शिकलेली मुलं हवी होती. तीच पदविका आणि तेच गुण घेऊन एखादा मुलगा २००२ साली बाहेर पडला असेल, तर त्याला वेगळंच शहर भेटलं. त्याच वर्षी आयपीसीएलची सूत्रं सरकारकडून खासगी हातात गेली आणि एकूणच कारखान्यांत कायम नोकरीच्या जागी कंत्राटी भरती रुळली होती. तो मुलगा तुमच्याहून कमी राबला, असं कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रातच आहे: दोन बहिणी. तेच आई-वडील, तेच घर, तीच परिस्थिती, त्यामुळे याहून चांगली तुलना सापडणार नाही. त्यांची शाळा कोणत्या इयत्तेला थांबली? त्यांचे मार्क काय होते? घरात एकाच्याच फीची सोय होणार असं ठरलं तेव्हा ती फी कुणाची भरली गेली? या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून पाहा. ‘वशिला नव्हता’ हे तुमचं वाक्य खरंच राहील, पण त्याच्या शेजारी आणखी एक वाक्य लिहावं लागेल.

पूर्ण हिशेब मांडायचा असेल तर वहीचं एक आडवं पान घ्या. आयुष्यातली सहा-सात वळणं एकाखाली एक लिहा: शाळाप्रवेश, विज्ञान शाखा, पदविका, पहिली नोकरी, पहिली बढती, घर, एखादं मोठं आजारपण. प्रत्येकापुढे पाच रकाने आखा. मी काय केलं? ही बातमी मला कुणाकडून कळली? पैसे कुणी भरले आणि तितके महिने घर कुणी चालवलं? हे फसलं असतं तर दुसरी सोय काय होती? एवढंच करूनही कुणाला मिळालं नाही? बहुतेकांचा पहिला रकाना भरगच्च होतो, दुसरा आणि चौथा कोरा राहतो. ते रकाने रिकामे नसतात. जे सहज मिळालं ते आठवत नाही, एवढंच. म्हणून हे दोन रकाने एकट्याने भरू नका, पत्नीला किंवा बहिणीला शेजारी बसवा.

पानाच्या तळाशी आणखी एक ओळ हवी: ‘माझ्या बाबतीत काय घडलं नाही?’ १९१७ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले. विद्वत्ता होती, नोकरी होती, सयाजीराव महाराजांचा पाठिंबा होता. पण या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, तिथूनही लोकांनी त्यांना बाहेर काढलं आणि परतीच्या गाडीची वाट बघत कमाटी बागेत बसावं लागलं. भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर आपल्याला नकार आला नसेल, तर तो न आलेला नकारही हिशेबात धरायला हवा. तो कुठेच नोंदलेला नसतो, म्हणूनच मुद्दाम लिहायचा.

प्रश्न : वय २६. यूपीएससीची पूर्वपरीक्षा दोनदा चार-पाच गुणांनी हुकली. माझ्याबरोबर अभ्यास करणारा मित्र चौथ्या प्रयत्नात निघाला. त्याचे वडील दरमहा पैसे पाठवत होते. मी कमी पडलो की नशीब? अजून एकदा बसू का? – मांजलपूर

आधी परीक्षेतलं नशीब आकड्यांत बघू. सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ०.६६ गुण वजा होतात. चारपैकी एकही पर्याय खोडता न येता तुम्ही २० प्रश्न अंदाजाने सोडवलेत, तर सरासरी फायदा शून्य. पण सरासरी शून्य म्हणजे दर वेळी शून्य नव्हे. त्या २० प्रश्नांमुळे गुण साधारण ५ने वर किंवा खाली सहज सरकतात. तुम्ही चार-पाच गुणांनीच हुकलात. म्हणजे तेवढा फरक निव्वळ अंदाजांच्या उलटसुलट पडण्यानेही पडू शकतो.

दुसरं गणित दोन उमेदवारांचं. एकाची खरी तयारी १२० गुणांची, दुसऱ्याची ११८ची, आणि कोणता प्रश्न आला, झोप कशी झाली, अंदाज कसे पडले यामुळे दोघांचेही गुण सुमारे ६ने इकडेतिकडे होतात असं धरा. तर शंभर वेळा परीक्षा घेतल्यास जवळजवळ ४१ वेळा कमी तयारीचा उमेदवार वर येतो. जिथे सगळेच कसून तयारी करतात तिथे कट-ऑफच्या आसपास असंच घडतं. म्हणून काठावर निघालेल्याने फार फुशारकी मारू नये आणि काठावर राहिलेल्याने स्वतःला नालायक ठरवू नये.

पण काठावर राहणं आणि काठापासून लांब असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी न पाहिलेले दहा सराव पेपर घड्याळ लावून सोडवा आणि सरासरी काढा. ती गेल्या तीन वर्षांच्या अधिकृत कट-ऑफच्या वर किंवा पाचेक गुण खाली असेल, तर हुकण्यात नशिबाचा हात मोठा आहे आणि पुन्हा बसण्यात अर्थ आहे. वीस गुण खाली असेल तर त्याला नशीब म्हणू नका, ती तयारीतली तूट आहे. पाठ झालेले जुने पेपर पुन्हा सोडवून सरासरी फुगवू नका, सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. अंदाजाचाही नियम ठरवा: दोन पर्याय नक्की खोडता आले तर उत्तर द्यावं (सरासरी ०.६७ गुण फायदा), एक खोडता आला तर फायदा किरकोळ (०.२२), एकही नाही तर प्रश्न सोडावा.

आता मित्राबद्दल. एका प्रयत्नात निवड व्हायची शक्यता १० टक्के धरली, तर तीन प्रयत्नांत ती सुमारे २७ टक्के होते आणि सहा प्रयत्नांत ४७. प्रत्यक्षात प्रयत्न एकमेकांपासून इतके सुटे नसतात, तरी दिशा हीच. मित्राच्या वडिलांनी पाठवलेल्या पैशांनी त्याला हुशारी मिळाली नाही, आणखी दोनदा बसायची मुभा मिळाली. सुस्थितीचा सर्वांत मोठा फायदा आमच्या मते हाच आहे, क्लासच्या फीपेक्षाही मोठा. त्याने मन कडू करून घेऊ नका. त्यापेक्षा ती मुभा आपल्याला किती स्वस्तात मिळवता येईल ते पाहा.

खुल्या गटाला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा प्रयत्न मिळतात, ओबीसींना नऊ. तुमच्याकडे वेळ आहे, कमी आहे तो पैसा. वर्षभर बिनपगारी बसण्याऐवजी आठ महिने नोकरी करा आणि पूर्वपरीक्षेआधीचे चार महिने पूर्ण वेळ द्या. खोली, मेस आणि टेस्ट सीरिज मिळून महिना १२,००० लागत असतील, तर चार महिन्यांचे ४८,००० होतात. म्हणजे नोकरीच्या काळात दरमहा ६,००० बाजूला. त्याच अभ्यासावर गुजरात लोकसेवा आयोगाची (जीपीएससी) परीक्षाही द्या. आणि किती प्रयत्नांनंतर थांबायचं तो आकडा आजच कागदावर लिहून घरच्यांना दाखवा. निकालाच्या रात्री घेतलेला निर्णय बहुधा चुकतो.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा आहे. गेली दोन वर्षं क्रिकेटच्या निवड चाचणीत बाहेर पडतो. प्रशिक्षक म्हणतात, “तंत्र चांगलं आहे, जोर नाही.” मेहनत कमी पडते असं त्याचे बाबा त्याला सांगतात. त्याला काय सांगू? – एक आई, कारेलीबाग

तुमच्या पत्रात त्याची जन्मतारीख ऑगस्टची आहे. ही गोष्ट प्रशिक्षकांच्या शेऱ्याइतकीच महत्त्वाची. आपल्याकडे क्रिकेटच्या वयोगटांसाठी १ सप्टेंबर ही तारीख धरतात. सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेला तुमचा मुलगा एकाच वर्षाच्या गटात येतात, पण दोघांत जवळजवळ बारा महिन्यांचं अंतर असतं. या वयात वाढीचा जोर आलेला मुलगा वर्षात आठ-दहा सेंटिमीटर उंच होतो. म्हणजे चाचणीत तुमचा मुलगा त्याच्याहून तीन-चार इंचांनी उंच मुलांच्या गोलंदाजीला सामोरा जात असेल, तर त्यात मेहनतीचा प्रश्नच नाही.

कॅनडातल्या ज्युनिअर आइस हॉकीत हे १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. तिथली वयाची तारीख १ जानेवारी, आणि वरच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्या मुलांची गर्दी होती, वर्षअखेरीस जन्मलेली फार थोडी. पुढे काय होतं ते जास्त काळजीचं आहे. निवडलेल्या मुलाला टर्फची विकेट, चांगला कोच आणि दुप्पट सामने मिळतात, आणि दोन वर्षांत तो खरोखरच सरस होतो. सुरुवातीचा फरक जन्मतारखेचा होता, हे तोवर सगळे विसरलेले असतात.

करायचं ते असं. दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करा आणि तारीख लिहा. वाढीचा जोर आला की ती खूण झपाट्याने वर सरकेल. तोवर जोरावर अवलंबून नसलेल्या गोष्टींवर भर द्या: चेंडूची लांबी ओळखणं, डोकं स्थिर ठेवणं, चेंडू उशिरा खेळणं, फिरकी. नावाजलेल्या क्लबात बारावा खेळाडू म्हणून बसण्यापेक्षा लहान क्लबात पहिल्या पाचांत फलंदाजी मिळणं या वयात कितीतरी मोलाचं. जन्मदाखल्यात फेरफार करून देणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. १६ वर्षांखालच्या गटात हाडांच्या वयाची एक्स-रे चाचणी होते, आणि पकडला गेला तर भोगतो मुलगाच.

बाबांना एक सांगायला हवं. मेहनतीची दाद द्यावी हे बरोबरच आहे. म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये केलेल्या प्रयोगांत ‘हुशार आहेस’ म्हणून कौतुक झालेली मुलं पुढच्या अपयशात लवकर खचली, ‘मेहनत घेतलीस’ म्हणून कौतुक झालेली टिकून राहिली. पण मेहनत कमी पडलेलीच नसताना ‘कमी पडली’ म्हणणं हे मुलाशी खोटं बोलणं आहे, आणि मुलांना ते कळतं. त्याला जन्मतारखेचं गणित कागदावर मांडून दाखवा. तेराव्या वर्षी ते सहज समजतं.

प्रश्न : कवळाण्यातल्या शेतकरी घरातला मुलगा बडोद्याचा राजा झाला. हा नशिबाचाच खेळ ना? मग प्रयत्नांना काय अर्थ? – वाडी

१८७५ साली दत्तक घेण्यासाठी कवळाण्याहून मुलं आणली गेली आणि त्यांतून बारा वर्षांच्या गोपाळरावांची, म्हणजे पुढच्या सयाजीराव महाराजांची, निवड झाली, यात त्यांचं कर्तृत्व काही नव्हतं. मात्र २८ डिसेंबर १८८१ रोजी कारभार हाती येईपर्यंतची सहा वर्षं सयाजीराव शिकले. इलियट यांच्यासारखे शिक्षक आणि टी. माधवराव यांच्यासारखे दिवाण लाभले, हे पुन्हा नशीब. मिळालेलं शिक्षण पचवलं, हे त्यांचं स्वतःचं. तीच बुद्धी कवळाण्यात राहिली असती तर आज तिचं नावही आपल्याला ठाऊक नसतं. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि त्यामुळे निदान शाळेची पायरी चढणं कुणाच्या नशिबावर राहिलं नाही. प्रयत्नांचा अर्थ विचारता, तर हा आहे.

प्रश्न : आमचं मंडळ दर वर्षी ८५ टक्क्यांच्या वरच्या साधारण तीस मुलांना प्रत्येकी दोन हजार रुपये देतं. यंदाही ६०,००० जमले आहेत. हे पैसे खऱ्या गरजूंपर्यंत पोचत नाहीत असं काही सभासदांना वाटतं. पद्धत कशी बदलावी? – मंडळाचे सचिव, दांडिया बाजार

सभासदांना वाटतं ते बरोबर आहे. दोन हजारांनी कुणाचंच काही बदलत नाही, आणि ८५ टक्के मिळवणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी क्लासची फी आधीच भरलेली असते. त्या तिसांचं कौतुक जरूर करा, पण प्रमाणपत्र देऊन. पैसा दुसरीकडे वळवा.

डॉ. आंबेडकरांना बडोदे सरकारने १९१३ मध्ये दिलेल्या शिष्यवृत्तीचा तपशील बघण्यासारखा आहे: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. रक्कम ठरावीक, दर महिन्याला, आणि मुदत आधीच सांगितलेली. मोबदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याची अट होती. तुम्ही अट घालू नका, बाकीचं जसंच्या तसं उचला.

अकरावी-बारावीच्या मुलांना महिना १,००० रुपये, दोन वर्षं. एका मुलाचे वर्षाला १२,०००. दर वर्षी फक्त दोन नवी मुलं घ्या, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून एका वेळी चार मुलं राहतील आणि ४८,००० लागतील. उरलेले १२,००० अडीअडचणीच्या निधीला. पहिल्या वर्षी दोनच मुलं असल्याने २४,००० वाचतील, ते मुदत ठेवीत टाका, कारण एखाद्या वर्षी वर्गणी कमी जमणारच. पहिल्याच वर्षी उत्साहाने पाच मुलं घेतली तर पुढच्या वर्षी जुन्यांना सोडून नव्यांना द्यावं लागतं, आणि बारावीच्या ऐन वर्षात मदत तुटते. मदत न देण्याइतकंच ते वाईट.

निवडीसाठी मंडळाच्या फलकावर सूचना लावून भागणार नाही. ती वाचणारे तुमचेच सभासद. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत एप्रिलमध्येच जाऊन वर्गशिक्षकांना भेटा, कोणतं मूल संध्याकाळी कामावर जातं हे त्यांना ठाऊक असतं. अर्ज एक पानी, मराठी आणि गुजराती दोन्हींत. सोबत गुणपत्रिकेची प्रत आणि मामलतदार कचेरीचा उत्पन्नाचा दाखला. दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून तो नंतर आणून द्यायची मुभा ठेवा. अर्जांना क्रमांक द्या आणि समितीपुढे नाव-आडनाव झाकून ठेवा.

मुलाखत नको. मुलाखतीत इस्त्रीचे कपडे आणि स्वच्छ बोलणं जिंकतं, म्हणजे पुन्हा तेच. त्याऐवजी दहावीला ५५ टक्के आणि उत्पन्नाची एक मर्यादा एवढी चाळणी लावा, आणि त्यातून पार झालेल्यांत चिठ्ठ्या टाका. सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या, सर्वांसमोर डबा, लहान मुलाच्या हातून चार चिठ्ठ्या: पहिल्या दोन निवडीच्या, पुढच्या दोन प्रतीक्षेच्या. “चिठ्ठीने ठरवणं म्हणजे मेहनतीचा अपमान” असा आक्षेप येईल. शिक्षणहक्क कायद्यातले खासगी शाळांचे २५ टक्के प्रवेशही अर्ज जास्त आले की सोडतीनेच होतात. चाळणीच्या वर सगळेच लायक असताना ६३ आणि ६१ टक्क्यांत फरक करणं, हाच खरा अन्याय.

पैसे गणेशोत्सवात व्यासपीठावर द्यायचे नाहीत. दहावीचा निकाल मे महिन्यात लागतो, फी आणि पुस्तकं जूनमध्ये. १५ जूनच्या आत पहिला हप्ता मुलाच्या किंवा आईच्या खात्यात जायला हवा. सप्टेंबरात मिळालेल्या पैशांतून सावकाराचं व्याज फिटतं, शिक्षण होत नाही.

अडीअडचणीचा निधी हा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. परीक्षेचा अर्ज, पूरक परीक्षेची फी, बसचा पास, चष्मा: अशा हजार रुपयांच्या आतल्या कारणांनी मुलं गळतात. दोन सभासदांनी फोनवर दोन दिवसांत होकार द्यावा, सभा बोलावायची नाही. नापास झालेल्या मुलाला पूरक परीक्षेसाठी मदत नाकारू नका. सुस्थितीतल्या मुलाला दुसरी संधी न मागता मिळते, इथे ती तुम्ही द्यायची आहे.

आणि एका सभासदाकडे फक्त माहितीचं काम द्या. आठवीतल्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची एनएमएमएस परीक्षा असते. सरकारी आणि अनुदानित शाळांतली, सातवीला ५५ टक्के मिळवलेली आणि पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेली मुलं तिला बसू शकतात (अनुसूचित जाती-जमातींना गुणांत पाच टक्के सवलत). निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. हे पैसे तुमच्या तिजोरीतून जात नाहीत, फक्त वेळेवर सांगावं लागतं. अर्ज बाद होतात ते बहुधा नावामुळे: मराठी आडनावाचं शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. सातवीतच हे तिन्ही कागद शेजारी ठेवून तपासा आणि दुरुस्तीला सहा महिने धरा.

देणगीदारांना वर्षअखेरीस एक पान पाठवा: किती मुलं अकरावीतून बारावीत गेली, निधीतून कशासाठी किती खर्च झाला, किती मुलांच्या नावांची दुरुस्ती झाली. मुलांची नावं आणि फोटो त्यात नकोत.